बेचाळीस हजारांची सायकल आणि आज्याची सायकल

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मिळवून मी विहाराच्या पायरीवर बसलो होतो. तोच माझा भाचा हातात एक कागद घेऊन आला. कागद पतसंस्थेचा होता. कर्जाचा अर्ज. रक्कम चाळीस हजार, कारण ‘वाहन खरेदी’, आणि जामीनदाराच्या रकान्यात माझे नाव आधीच लिहिलेले. सही तेवढी बाकी होती.

“कोणती गाडी घेतोस रे?” मी विचारले.

“गाडी नाही मामा, सायकल.”

मला वाटले, पोरगा थट्टा करतोय. पण त्याने मोबाईलमध्ये फोटो दाखवला. अॅल्युमिनियमचा सांगाडा, कार्बनचा फोर्क, बारीक टायर, पुढे-मागे गिअर. वजन साडेदहा किलो. किंमत बेचाळीस हजार. दोन हजार रोख, बाकीचे कर्ज. “एका बोटावर उचलते मामा. कंपनीत वीस मिनिटांत जाईन. पेट्रोल नाही, लायसन नाही, काही नाही. तुम्ही फक्त सही करा.”

वाचकहो, माझा भाचा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. महिन्याला हातात तेरा हजार पडतात. घरात आई, धाकटी बहीण आणि तो. बहिणीचे बारावीचे वर्ष. अशा घरात बेचाळीस हजारांची सायकल, हे ऐकून कुणाही शहाण्या माणसाने ‘नाही’ म्हटले असते. मीही म्हणालो. पण त्या ‘नाही’वर माझी बहीण जे बोलली, त्यामुळे मला हा लेख लिहावा लागत आहे.

ती म्हणाली, “दादा, तू मोटारसायकल घेतलीस तेव्हा तुला कुणी हिशेब मागितला होता का? तुझे ऑफिस तीन किलोमीटरवर. माझं पोरगं रोज सोळा किलोमीटर पाय मारतंय. त्याने सायकल मागितली तर लगेच शौक झाला?”

मी गप्प झालो. मी बी.कॉम. झालेला कारकून. दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात वीस वर्षे गेली. स्वतःच्या मोटारसायकलीचा हिशेब मात्र एकदाही मांडला नव्हता. म्हणून बहिणीला म्हटले, “महिनाभर थांब. नीट हिशेब करतो. सायकल खरोखर फायद्याची ठरली तर सही करतो.”

तोच हिशेब आज आपल्यापुढे ठेवत आहे. कारण हा प्रश्न एका भाच्याचा नाही. आता शहरातल्या दुकानांत पाच-सहा हजारांपासून लाखाच्या वर सायकली लटकलेल्या दिसतात, आणि आपल्या वस्त्यांमधली तरुण पोरे त्या काचेपुढे उभी राहतात.

आधी थोडे मागचे

आपले शहर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झाले, बोलताना आपण अजून नगरच म्हणतो. या नगरची आणि दोन चाकांची जुनी ओळख आहे. १९७२ साली लुना ही मोपेड आली, ती नगरच्या कारखान्यात बनत असे. पुढे देशभर लोकांनी सायकल सोडून लुना घेतली. पण आमच्या लहानपणी, १९८६-८७ च्या सुमारास, एमआयडीसीची शिफ्ट सुटली की मनमाड रस्त्याने जो लोंढा येई तो सायकलींचा. माझे वडील त्यातलेच एक. काळी, उंच, दांडीची सायकल. हँडलला डब्याची पिशवी. नागापूरचा सीनेवरचा पूल ओलांडून, सावेडीवरून वस्तीत यायचे. आम्ही पोरे दांडीखालून पाय घालून तीच सायकल शिकलो.

ती सायकलही त्या काळी स्वस्त नव्हती, हे आपण विसरतो. वडिलांचा जवळजवळ महिन्याचा पगार तिच्यात गेला होता. त्याच्याही आधी तर सायकल असणे ही श्रीमंती होती. बऱ्याच नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. लग्नात घड्याळ आणि सायकल मागितली जाई. १९४९ मध्ये मद्रासला टी.आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियानात हिरो असे कारखाने निघाले, तेव्हा कुठे सायकल कामगाराच्या आवाक्यात आली. त्यातल्या अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता.

सायकल गेली, असे मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी ४५ घरांत सायकल होती. मोटारसायकल किंवा स्कूटर २१ घरांत. त्याच जनगणनेत कामावर जाण्याचे साधन पहिल्यांदा विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्यांत शंभरातले सुमारे तेरा जण सायकलवर जात होते. म्हणजे सायकल हे आजही कामगाराचे वाहन आहे. प्रश्न एवढाच, की त्या वाहनाला किती पैसे घालावेत?

वडिलांची ती काळी सायकल आमच्या घरात अजून आहे. भाचा तिला ‘आज्याची सायकल’ म्हणतो आणि तिच्यावरच कामाला जातो. मी पहिले काम केले ते हे, की ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढवली. साडेएकवीस किलो भरली. भंगारवाला म्हणाला, “साहेब, विकायची का?” मी म्हटले, “अजून ठरलं नाही.”

इंग्लंडच्या डॉक्टरांचे नाणे

साडेएकवीस आणि साडेदहा. अर्ध्याहून कमी वजन! तेव्हा अर्ध्या वेळात पोचणार, असे भाच्याला वाटले त्यात नवल नाही. दुकानदारही तसेच सुचवतो. पण याच प्रश्नाचा छडा एका माणसाने फार सोप्या रीतीने लावला आहे.

इंग्लंडमध्ये चेस्टरफिल्ड गावी डॉ. जेरेमी ग्रोव्हज नावाचे भूलतज्ज्ञ होते. ते रोज सायकलने रुग्णालयात जात. जाऊन-येऊन साडेत्रेचाळीस किलोमीटर. त्यांच्याकडे दोन सायकली होत्या. एक पन्नास पौंडांना घेतलेली जुनी, लोखंडी, साडेतेरा किलोची. दुसरी हजार पौंडांची नवी, कार्बनची, साडेनऊ किलोची. किमतीत वीसपटीचा फरक. २०१० साली त्यांनी ठरवले, की रोज सकाळी नाणे उडवायचे आणि नाणे सांगेल ती सायकल काढायची. असे छप्पन्न दिवस केले आणि वेळ टिपून ठेवली.

लोखंडी सायकलीला सरासरी लागले १ तास ४७ मिनिटे ४८ सेकंद. कार्बनच्या सायकलीला १ तास ४८ मिनिटे २१ सेकंद. म्हणजे महागड्या सायकलीने वेळ वाचली तर नाहीच, उलट अर्धे मिनिट जास्त लागले. तेवढा फरक योगायोगाचा म्हणून सोडून द्यायचा. पण हजार पौंड घालून एक मिनिटही पदरात पडले नाही, हे खरे. डिसेंबर २०१० च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी हे छापले आणि शेवटी असेही लिहिले, की सायकलीचे वजन घटवण्यापेक्षा सायकलस्वाराने आपले वजन घटवले तर ते स्वस्तही पडेल आणि जास्त उपयोगीही.

असे का व्हावे? कारण रस्त्यावरून नुसती सायकल जात नाही, माणसासकट जाते. भाच्याचे वजन साठ किलो. डबा, पाण्याची बाटली, कुलूप मिळून अडीच किलो. त्यात आज्याची सायकल धरली तर एकूण चौऱ्याऐंशी किलो. हलकी सायकल धरली तर त्र्याहत्तर. सायकल निम्म्याने हलकी झाली, पण पाय ज्याला ढकलतात ते एकूण वजन शेकडा तेराच कमी झाले.

आणि हे तेरा टक्केही सगळीकडे उपयोगी पडत नाहीत. सायकलीला तीन गोष्टी मागे ओढतात. पहिली वारा. वाऱ्याला तुमची सायकल किती किलोची आहे याच्याशी काही देणे-घेणे नाही; तुमची छाती किती रुंद आणि वेग किती, एवढेच तो पाहतो. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा विरोध चौपट होतो. ज्यांनी आषाढात नगरच्या माळावर पश्चिमेच्या वाऱ्यात सायकल मारली आहे त्यांना हे सांगायला नको. त्याच वाऱ्यावर खांडक्याच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरतात. दुसरी गोष्ट टायर आणि रस्ता यांची घासण. इथे वजनाचा थोडा परिणाम होतो, पण टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याहून जास्त होतो. तिसरी गोष्ट चढ. चढावर मात्र प्रत्येक किलो जाणवतो. तिथे हलकी सायकल खरोखर कामाची.

आमच्या वस्तीपासून एमआयडीसीपर्यंतच्या आठ किलोमीटरमध्ये घाट नाही. आहेत ते सिग्नल, खड्डे आणि मनमाडकडे जाणारे मालट्रक. सिग्नलला बेचाळीस हजारांची सायकलही थांबते.

आमचेही नाणे

डॉक्टरांचे वाचून झाल्यावर मी भाच्याला म्हटले, आपणही करून पाहू. आमच्या कार्यालयातले एक अधिकारी रविवारी सकाळी सायकलिंगला जातात. त्यांच्याकडे बरीचशी तशीच सायकल आहे. त्यांनी मोठ्या मनाने पंधरा दिवसांसाठी दिली.

परंतु त्याआधी आज्याची सायकल कारागिराकडे नेली. त्याने चाक फिरवले, ते दोन फेऱ्यांत थांबले. म्हणाला, “पोरगं सायकल चालवत नव्हतं, ओढत होतं.” मागचा टायर गुळगुळीत, चेन गंजून ताठ झालेली, ब्रेकचे रबर रिमला घासत होते, हबातले छर्रे झिजलेले. पूर्ण ओव्हरहॉलिंग केले. आपले कारागीर त्याला ओव्हरऑइल म्हणतात तेच. टायर-ट्यूबचा जोड अकराशे, चेन आणि फ्रीव्हील साडेपाचशे, ब्रेकचे रबर शंभर, छर्रे-ग्रीस-मजुरी साडेपाचशे. एकूण तेवीसशे रुपये. सीट दोन इंच वर केली. कारण भाचा वाढला होता, सीट आज्याच्याच मापाची राहिली होती.

मग दोन आठवडे, सहा दिवस ही आणि सहा दिवस ती, असे नाण्याने ठरवून त्याने घड्याळ लावून जाणे-येणे केले. दुरुस्तीच्या आधी आज्याच्या सायकलीला साधारण अडतीस मिनिटे लागत. दुरुस्तीनंतर तेहेतीस. हलक्या सायकलीला एकतीस.

वीस मिनिटांत कोणत्याच सायकलीवर पोचला नाही. पाच मिनिटे वाचली ती तेवीसशे रुपयांत. राहिलेल्या दोन मिनिटांची किंमत बेचाळीस हजार.

ही काही शास्त्रीय तपासणी नव्हे. एक माणूस, बारा दिवस. पण ज्याला रोज त्याच रस्त्याने जायचे आहे, त्याला स्वतःपुरते एवढे पुरे.

जमाखर्च

आता कारकुनाचा हिशेब. चाळीस हजारांचे कर्ज, शेकडा चौदा व्याज, चोवीस हप्ते. दर महिना सुमारे एकोणीसशे वीस रुपये. दोन वर्षांत भरायचे शेहेचाळीस हजार नव्वद. त्यात व्याज सहा हजार नव्वद. शिवाय या सायकलीला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनचे गार्ड नाही. कामाला जायचे तर हे सगळे हवे. पावसाळ्यात मडगार्ड नसले तर पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो. आणि एवढ्या किमतीची सायकल कंपनीबाहेर लावायची तर जाड साखळी-कुलूप हवे. या सगळ्याला अडीच हजार धरा. गंमत अशी, की हे सगळे चढवले की तीन-साडेतीन किलो वजन परत वाढते. हलकेपणा विकत घ्यायचा आणि तो राखण्यासाठी लोखंड वागवायचे!

म्हणजे एकूण खर्च पन्नास हजार पाचशे नव्वद. त्यातून जुन्या सायकलीच्या दुरुस्तीचे तेवीसशे वजा केले तर जादा खर्च अठ्ठेचाळीस हजार दोनशे नव्वद. बदल्यात काय मिळाले? रोज जाऊन-येऊन चार मिनिटे. महिन्याचे सव्वीस दिवस धरून वर्षाला सुमारे एकवीस तास. सायकल आठ वर्षे टिकली असे उदार मनाने धरले तरी एकशे सहासष्ट तास. भागाकार केला तर एका तासाला दोनशे नव्वद रुपये. आठ वर्षांनी विकून दहा हजार आले असे धरले तरी दोनशे तीस.

आणि भाच्याला कारखान्यात एका तासाचे किती मिळतात? तेरा हजार भागिले दोनशे आठ तास. बासष्ट रुपये पन्नास पैसे.

जो माणूस आपला तास साडेबासष्टला विकतो, त्याने तोच तास अडीचशे-तीनशेला विकत घेऊ नये. हा माझा निर्णय, आणि सही न करण्याचे कारण.

बहिणीने मागितलेला दुसरा हिशेबही सांगतो, नाही तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. भाच्याने मोटारसायकल घेतली असती तर सोळा किलोमीटर गुणिले सव्वीस म्हणजे महिन्याला चारशे सोळा किलोमीटर. लिटरला पन्नास धरले तर आठ लिटरच्या वर पेट्रोल, साडेआठशे रुपयांच्या पुढे. ऑइल, सर्व्हिसिंग, विमा वेगळा, आणि ऐंशी-नव्वद हजारांच्या गाडीचा हप्ता वेगळा. त्या मानाने बेचाळीस हजारांची सायकल स्वस्तच. भाच्याचे गणित त्या बाजूने चूक नव्हते. आणि मी? तीन किलोमीटरवरच्या कार्यालयासाठी मी २००९ साली हप्त्यावर गाडी घेतली, तेव्हा कागद-पेन्सिल हातात घेतली नव्हती. आता आठवड्यातून दोन दिवस शेजाऱ्याची सायकल मागून नेतो. कार्यालयात लोक विचारतात, “काय साहेब, गाडी बिघडली का?”

हलकी सायकल कुणाला हवी

महाग आणि हलकी म्हणजे वाईटच, असे मात्र मी म्हणणार नाही. चार प्रकारच्या माणसांना हलकेपणा उपयोगी आहे.

पहिले, ज्यांच्या वाटेत खरा चढ आहे. देहऱ्याच्या बाजूने विळदचा घाट चढून एमआयडीसीत येणाऱ्याला दहा किलो कमी झालेले प्रत्येक पायडलला कळतील. पण त्यालाही आधी गिअर हवेत, वजन नंतर.

दुसरे, जे वरच्या मजल्यावर राहतात. खाली जागा नाही, चोरीची भीती, म्हणून रोज रात्री सायकल खांद्यावर घेऊन दोन जिने चढायचे. तिथे एकवीस किलो आणि तेरा किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरे, ज्यांना दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जावे लागते.

चौथ्या, आपल्या मुली. माझ्या भाचीचे वजन बेचाळीस किलो. आज्याची सायकल म्हणजे तिच्या निम्मे वजन. ती स्टँडवर चढवताना, गर्दीत वळवताना, पडली तर उचलताना मुलींची किती दमछाक होते हे आपण बापे लोक पाहत नाही. मग ‘तिला सायकल जमत नाही’ असे म्हणतो. घरात एकच बरी हलकी सायकल घ्यायची असेल, तर ती आधी मुलीला घ्यावी असे माझे मत झाले आहे.

यांच्यासाठी मधला माल बाजारात आहे. बारा-पंधरा हजारांत अॅल्युमिनियमच्या सांगाड्याची, तेरा-चौदा किलोची, पाच-सात गिअरची सायकल मिळते. घेताना चार गोष्टी पाहाव्यात. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला भोके आहेत का? टायरचे माप आपल्या गावात मिळते का, की दरवेळी पुण्याहून मागवावे लागेल? सीट आपल्या उंचीला येते का? आणि पक्के बिल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे, तो बिलात दिसला पाहिजे. पुढचा झटका देणारा स्प्रिंगचा फोर्क आणि जाड खाचांचे टायर पोरांना आवडतात. डांबरी रस्त्यावर त्यांचा उपयोग दम लागण्यापुरताच.

आणि सायकल जुनी असो की नवी, आठवड्याला हवा, पंधरवड्याला चेनला तेल, वर्षाला एक ओव्हरहॉलिंग. रात्रपाळी असेल तर मागे लाल दिवा. मनमाड रस्त्यावर सायकलीच्या वजनाने जीव वाचत नाही, दिव्याने वाचतो.

फाटकाजवळची भिंत

हिशेब ऐकून भाचा तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एका रविवारी आपणहून आला आणि खरे काय ते बोलला.

“मामा, दोन मिनिटांसाठी नव्हती घ्यायची सायकल. आमच्या कंपनीत मोटारसायकलींना पत्र्याची शेड आहे. सायकली बाहेर, भिंतीला टेकवून, उन्हात. वॉचमन म्हणतो, ते भंगार बाजूला घे. साहेब लोक रविवारी तसली सायकल घेऊन येतात, तेव्हा तोच वॉचमन ती आत, केबिनपाशी लावतो. मला एकदा माझी सायकल आत लावायची होती.”

वाचकहो, याचा भागाकार मला करता आला नाही. साहेबाच्या सायकलीला छंद म्हणतात, कामगाराच्या सायकलीला मजबुरी. दोघेही पायच मारतात. या एका गोष्टीपायी पोरगा चाळीस हजारांच्या कर्जात शिरायला निघाला होता, आणि मी त्याला वाऱ्याचे नि वजनाचे गणित शिकवत होतो.

पण माणसाला मान मिळावा म्हणून त्याने व्याज भरायचे, हे मला अजूनही पटत नाही. मी त्याला म्हटले, कंपनीत सायकलने येणारे किती? म्हणाला, तीस-पस्तीस. मग तीस-पस्तीस सह्यांचा अर्ज करा, की सायकलींनाही शेड हवी. त्या अर्जाचा मसुदा मी लिहून दिला. शेड अजून झालेली नाही. उत्तर आले आहे, ‘विचाराधीन’. दुसरा अर्ज गेला आहे. सायकल मात्र आता भिंतीच्या आत लावू देतात.

दुसरे असे केले, की एप्रिलपासून तो न घेतलेल्या कर्जाचा हप्ता, म्हणजे महिना एकोणीसशे वीस, बाजूला टाकू लागला. ऑक्टोबरअखेर सात महिन्यांचे तेरा हजार चारशे चाळीस झाले. मार्चमध्ये चौदा हजार दोनशेला सांगितलेली गिअरची सायकल करकपातीनंतर तेरा हजार तीनशेला मिळाली. रोखीने, बिनव्याजी. जामीनदाराची गरज पडली नाही.

“मामा, शेवटी मध्यम मार्गच निघाला,” भाचा हसत म्हणाला.

नवी सायकल त्याची बहीण वापरते. तिचे कॉलेज आणि क्लास दोन टोकांना आहेत. रविवारी ती त्याच्या वाट्याला येते. तो स्वतः अजून आज्याच्याच सायकलीवर जातो, तेहेतीस मिनिटांत. मात्र दुकानाच्या काचेपाशी आला की अजून थांबतो, हे मी पाहिले आहे. मी काही बोलत नाही.

आपल्या घरी असा अर्ज आला, तर एकदम ‘नाही’ म्हणू नका आणि एकदम सहीही करू नका. आधी घरातली जुनी सायकल कारागिराकडे न्या, मग घड्याळ लावा, मग कागद-पेन्सिल घ्या. आणि पोराला विचारा, की बाबा, तुला नक्की काय हलके करायचे आहे? मी हे शेवटी विचारले; आपण आधी विचारा, एवढीच विनंती.

जय भीम.